वेचणारीच्या अंगावर कापूस का नाही?



जिल्हा मेळाव्याच्या अंकात बायकांच्या स्वेटरवर लेख पाहून काही जण हसतील. भाव, कर्ज, वीज, बोंडअळी एवढे प्रश्न समोर पडलेले असताना हे काय काढले, असेही म्हणतील. त्यांनी एवढेच करावे, लेख शेवटपर्यंत वाचावा. हा लेख कापसाच्या भावाचाच आहे, फक्त सुरुवात दुसऱ्या टोकाकडून केली आहे.

मागच्या हिवाळ्यात कामानिमित्त पिंपळे सौदागरला भाचीकडे मुक्काम होता. पवनेच्या काठचे हे गाव. एके काळी इथे मळे होते, आता उंच इमारती आहेत. इथल्या एका चौकाचे नाव शिवार चौक आहे. शिवार नावात राहिले, जमिनीवर राहिले नाही. भाची हिंजवडीच्या कंपनीत नोकरी करते. माझी थोरली बहीण, म्हणजे तिची आई, यवतमाळ जिल्ह्यातून तिच्याकडे आलेली होती. दिवाळीपासून कापूस वेचून आलेली बाई. पुण्याकडच्या पहाटेच्या थंडीत तिला एक स्वेटर पाहिजे होता. अट एकच, सुती पाहिजे. कृत्रिम लोकरीने तिच्या मानेला आणि हातांना खाज सुटते.

आम्ही तिघे दोन संध्याकाळी दुकाने फिरलो. स्वेटर, कार्डिगन, विणीच्या कुर्त्या यांचे ढीग होते. रंग असे की डोळे दिपावेत. दुकानदाराला विचारले की उत्तर ठरलेले, "कॉटनच आहे." आत शिवणीत लावलेली चिठ्ठी भाचीने मोबाइलच्या उजेडात वाचली. कुठे शंभर टक्के ॲक्रिलिक, कुठे साठ टक्के पॉलिएस्टर, कुठे 'कॉटन फील'. कॉटन फील म्हणजे हाताला कापसासारखे लागते, कापूस नव्हे! शेवटी एका दुकानात शंभर टक्के सुती कार्डिगन सापडले. किंमत १,४९९ रुपये. शेजारीच ॲक्रिलिकचे साडेचारशेला टांगलेले.

बहिणीने कार्डिगन हातात घेतले, उलटे-सुलटे करून पाहिले आणि परत ठेवले. म्हणाली, "काऊन रे भाऊ, आपल्या वावरातला कापूस जाते तरी कुठी? दहा रुपये किलोनं वेचला तं याच्यासाठी दीड क्विंटल वेचा लागते."

तिचा हिशेब बरोबर होता. किलोला दहा रुपये वेचणी धरली तर १,४९९ रुपयांसाठी दीडशे किलो कापूस वेचावा लागतो. वेचणाऱ्या बाईचे ते चार-पाच दिवस. आता त्या कार्डिगनमध्ये कापूस किती आहे तो हिशेब मी मांडतो. शेतीची पदवी घेतली आहे, तिचा एवढा तरी उपयोग व्हावा.

कार्डिगनचे वजन ३०० ग्रॅम धरू. पिंजण, विंचरण, कताई, विणाई, रंगाई आणि कापणी या सगळ्यांत घट होते. ती धरून ४३० ग्रॅमच्या आसपास रुई लागते. शंभर किलो कापसात ३४ किलो रुई धरली तर एवढ्या रुईसाठी सव्वा किलो कापूस पुरतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. म्हणजे सव्वा किलोचे झाले १०१ रुपये. त्यातून पाऊण किलोवर सरकीही निघते आणि ती वेगळी विकली जाते. ती सोडून दिली तरी १,४९९ मधले १०१, म्हणजे रुपयात सात पैसेसुद्धा पुरते नाहीत. आणि हा हमीभाव झाला. ओलाव्याच्या, कवडीच्या नावाखाली कापून हातात काय येते ते तुम्ही जाणताच. वेचणाऱ्या बाईला त्या कार्डिगनमागे मिळाले साडेबारा रुपये.

हेच मोठ्या मापात पाहा. पाच क्विंटल कापूस म्हणजे १७० किलोची एक गाठ. एका गाठीतून चारशेच्या जवळपास कार्डिगन निघतात. कापूस चाळीस हजारांचा, दुकानातला माल सहा लाखांचा. मधल्या माणसांनी काहीच केले नाही असे मी म्हणत नाही. कताई, विणाई, रंग, शिलाई, दुकानाचे भाडे, वाहतूक, कर, न खपलेल्या मालाचा तोटा, हे सारे खरे खर्च आहेत. माझा मुद्दा एवढाच की सुती कपडा कापसामुळे महाग नाही. उद्या कापूस क्विंटलला बारा हजार झाला तरी त्या कार्डिगनमधला कापूस पन्नास रुपयांनीच महागेल.

हा पन्नास रुपयांचा हिशेब लक्षात ठेवा. २०२२ च्या उन्हाळ्यात काही बाजारांत कापूस बारा हजारांच्या वर गेला, तेव्हा कापड महागेल म्हणून ओरड झाली आणि सरकारने १४ एप्रिलपासून आयातीवरचे ११ टक्के शुल्क काढून टाकले. २०२५ मध्ये १९ ऑगस्टपासून पुन्हा तेच. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणून सांगितले, मग मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे पहिल्या वेचणीपासून ऐन आवकीपर्यंतचा सगळा काळ त्यात आला. ग्राहकाचे पन्नास रुपये वाचवायचे म्हणून शेतकऱ्याच्या क्विंटलमागे हजारांनी भाव पाडायचा. आणि ते पन्नास तरी ग्राहकाचे वाचले का? पिंपळे सौदागरच्या दुकानात मला तरी ते दिसले नाहीत.

आता कोणी म्हणेल, सुती विणीचा माल स्वस्तात होऊच शकत नाही. त्याने स्वतःचा सदरा वर करून पाहावा. आत बनियन आहे, सुती आहे आणि दीडशे रुपयांच्या आसपास मिळते. बनियन हे विणीचेच कापड, होजिअरीच. पुरुषाच्या घामाला सूतच लागते हे कारखानदाराला पक्के ठाऊक आहे. रंग पांढरा, बेत एकच, वर्षानुवर्षे तोच माल लाखांनी निघतो, म्हणून स्वस्त पडतो. बायकांच्या मालाला मात्र दर हंगामाला नवा रंग, नवा बेत, लहान लहान लॉट. न खपलेल्या मालाचा तोटा खपलेल्या मालावर चढतो आणि वाढलेली किंमत लपवण्यासाठी आत स्वस्त पॉलिएस्टर घातले जाते. त्यातल्या त्यात लेगिंगमध्ये अजून कापूस सापडतो. स्वेटर आणि कुर्तीत शोधावा लागतो.

कापूस वेचतात बहुतेक बायकाच. सुती बनियन घालतो बाप्या, आणि वेचणाऱ्या बाईच्या अंगावर आठवडी बाजारातली पॉलिएस्टरची साडी आणि ॲक्रिलिकचा स्वेटर. पिकते तिथे विकत नाही असे म्हणतात. आपल्याकडे पिकते तिथे घालायलाही मिळत नाही.

कृत्रिम धाग्याचेही गुण आहेत, ते नाकारून चालणार नाही. तो हलका, लवकर वाळतो, आटत नाही, इस्त्री लागत नाही. सुती स्वेटर ओला झाला की जड होतो आणि नीट प्रक्रिया केलेली नसेल तर पहिल्या धुण्यात आटतो. कडाक्याच्या थंडीत त्याला लोकरीची ऊब नाही. पण आपल्याकडच्या थंडीला तो पुरतो, घाम शोषतो, अंगाला टोचत नाही. ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे. बाजार खुला असावा, ही आपली भूमिका पहिल्यापासून आहे. पण खुला बाजार म्हणजे तराजूची दोन्ही पारडी मोकळी हवीत.

ती तशी कधीच नव्हती. १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार खरेदी योजना आली आणि आपला कापूस कुठे विकायचा हे सरकार ठरवू लागले. १९८५ च्या वस्त्रधोरणाने कृत्रिम धाग्याला दार उघडून दिले. इकडे कापूस बांधलेला, तिकडे नायलॉन-पॉलिएस्टर मोकळे! त्या वेळी शरद जोशींनी या कपड्यांना 'राजीवस्त्र' नाव देऊन त्यांच्याविरुद्ध आंदोलन पुकारले होते. या औद्योगिक पट्ट्याला हे सांगायलाच हवे, कारण जोशींची शेती याच चाकणजवळ आंबेठाणला होती. परदेशी कापडाची मालमोटार अडवताना १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत प्राण देणारा बाबू गेनूही याच पुणे जिल्ह्यातला, आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. जोशी गेले तेही २०१५ सालच्या १२ डिसेंबरलाच. कापड हा शेतकऱ्याचा प्रश्न आहे हे या दोघांच्या जिल्ह्यात नव्याने शिकवावे लागू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून कृत्रिम तंतूवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आणि त्याच्या सुतावरचा १२ वरून ५ वर आला. कर सारखा झाला याबद्दल तक्रार नाही. पण कृत्रिम धाग्याला कर कमी आणि कापसाला आयातीचा मार, हे एकाच हंगामात घडले, याची नोंद घ्या.

दोष सगळा बाहेरच्यांचा नाही. आपल्याकडेही बोट दाखवले पाहिजे. विणीच्या तलम कापडाला स्वच्छ, लांब, सारख्या धाग्याची रुई लागते. आखूड तंतू जास्त असले की दोन धुण्यांत कपड्यावर गोळे येतात. आपण कापूस प्लॅस्टिकच्या पोत्यात भरतो. पोत्याचा एक धागा रुईत गेला की तो कताईत बारीक होऊन कापडभर पसरतो. त्याला रंग चढत नाही, आणि निळ्या स्वेटरवर पांढरे ठिपके उठतात. गुटख्याच्या पुड्या, सुतळी, केस यांचेही तसेच. पहाटेच्या दवात वेचलेला ओला कापूस, कवडी आणि चांगला माल एकत्र, हे सारे भाव पाडायला निमित्त देते. सुती चादरीत वेचणी, डोक्याला फडके, कवडी वेगळी, ऊन चढल्यावर वेचणी, एवढे आपल्या हातात आहे. मात्र स्वच्छ मालाला जास्त दाम मिळाला तरच हे टिकेल. फुकटच्या उपदेशाने कोणी डोक्याला फडके बांधत नाही, बांधूही नये.

मेळाव्यापुढे चार गोष्टी ठेवतो.

पहिली, खरी चिठ्ठी. प्रत्येक तयार कपड्यावर कापूस किती टक्के, कृत्रिम धागा किती टक्के, हे मराठीत, दर्शनी भागावर, किमतीएवढ्याच मोठ्या अक्षरांत छापले पाहिजे. आम्ही पॉलिएस्टरवर बंदी मागत नाही. पॉलिएस्टर कापसाच्या नावाने विकू नका, एवढेच मागतो.

दुसरी, हंगामाच्या तोंडावर आयात शुल्काशी खेळ बंद करा. शुल्क काय असेल ते पेरणीपूर्वी सांगा आणि हंगाम संपेपर्यंत बदलू नका. पेरणाऱ्याने कशाच्या भरवशावर पेरावे?

तिसरी, गाठ आपल्या नावावर राहिली पाहिजे. आज यवतमाळची रुई हजारावर किलोमीटर खाली कोइमतूरकडे जाते, तिरुपूरला विणली जाते आणि स्वेटर होऊन पिंपळे सौदागरला येते. सहकाराच्या नावाखाली पुढाऱ्यांनी काढलेल्या सूतगिरण्यांचे काय झाले ते आपण पाहिले आहे, त्या वाटेने जायचे नाही. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी कापूस न विकता जिनिंग मजुरीने करून घ्यावे. एका गाठीसाठी गिरणी थांबत नाही, म्हणून दहा गावांनी मिळून एकसारख्या वाणाचा लॉट करावा. कताई-विणाई मजुरीने करून घ्यावी, शिलाई आपल्या बायकांच्या गटांनी करावी. सुरुवात बनियनसारखी करा, एक बेत, चार रंग, पाच मापे. अमरावतीजवळ नांदगाव पेठेच्या वस्त्रोद्यान प्रकल्पाची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ ला झाली. तिथे शेतकऱ्यांच्या कंपन्यांना जागा आहे की फक्त बड्यांना, हे विचारायला शिष्टमंडळ गेले पाहिजे.

चौथी गोष्ट घरातली. कपडा घेतला की आतल्या शिवणीतला एक धागा काढून जाळून पाहा. सूत कागदासारखे जळते, वासही जळक्या कागदाचा, हाताने चोळली की राख भुरभुरते. पॉलिएस्टर किंवा ॲक्रिलिक आकसते, वितळते आणि त्याची कडक गाठ होते. आमच्या भाचीने 'कॉटनच आहे' म्हणून आधी घेतलेल्या कुर्तीचा धागा गॅसवर धरला तेव्हा काळी गाठ झाली. बहीण म्हणाली, "हे तं बोंड नाही, बटन झालं."

ते कार्डिगन शेवटी भाचीनेच घेतले, आईला न सांगता. बहिणीने अजून ते अंगात घातलेले नाही. लग्नाकार्याला म्हणून पेटीत ठेवले आहे. जिने जन्मभर कापूस वेचला, तिला सव्वा किलो कापसाचा कपडा पेटीत जपून ठेवावा लागतो. मेळाव्याला येताना हा हिशेब घरच्या बाईला वाचून दाखवा आणि तिलाही बरोबर घेऊन या.