‘मागितलं तर देऊ’ हे उत्तर नव्हे

ऑनलाइन प्रशिक्षण तयार करणाऱ्यांकडे अपंग शिकणाऱ्यांचा विषय काढला, की बहुतेकदा एकच उत्तर मिळतं : ‘तशी मागणी आली तर आम्ही जरूर सोय करून देऊ.’ उत्तर सभ्य आहे, देणाऱ्याच्या मनात खोटही नसते. तरीही ते चुकीचं आहे, आणि आपलं सेवांतर्गत प्रशिक्षण आज जिथे येऊन पोचलं आहे तिथे ते अन्यायाचंही आहे.

कारण यातलं बरंचसं प्रशिक्षण आता ऐच्छिक राहिलेलं नाही. 2017 मध्ये शालेय शिक्षणासाठीचं ‘दीक्षा’ हे ऑनलाइन व्यासपीठ आलं, पुढे सरकारी कर्मचाऱ्यांसाठी ‘आयगॉट कर्मयोगी’ आलं, आणि कोविडच्या काळात वर्गातली प्रशिक्षणं सरसकट पडद्यावर गेली. त्यातली कितीतरी परत वर्गात आलीच नाहीत. शिक्षकाची वरिष्ठ वेतनश्रेणी असो की एखाद्या खात्यातला ठरलेला कोर्स, प्रमाणपत्राशिवाय गाडी पुढे सरकत नाही. दुसरीकडे, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 34 ने सरकारी सेवेत किमान 4 टक्के जागा राखल्या. म्हणजे अंध शिक्षिका कायद्याच्या बळावर वर्गापर्यंत पोचली आणि त्याच सेवेतल्या सक्तीच्या कोर्सच्या पहिल्या पानावर अडकली. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा तिचा स्क्रीन रीडर ‘बटन, बटन, बटन’ एवढंच म्हणतो, कारण कुठल्याही बटनाला आतून नावच दिलेलं नाही. वाचायला दिलेली पीडीएफ म्हणजे परिपत्रकाचा फोटो असतो. स्क्रीन रीडरच्या लेखी ते पान कोरं.

मराठीत यात आपली खास भर आहे. आजही पुष्कळ अभ्याससाहित्य युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप होतं. डोळ्यांना ते शुद्ध मराठी दिसतं, पण त्या अक्षरांच्या मागे संगणकाने साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. स्क्रीन रीडर तीच वाचतो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, तो मराठी बोलतो, शिक्षिकेने तो चिकाटीने शिकून घेतलेला असतो. आणि एवढं करून कानावर पडतो तो अर्थहीन अक्षरांचा कचरा. ही अडचण तिच्या डोळ्यांनी निर्माण केलेली नाही. ती डीटीपी करणाऱ्याच्या संगणकावर निर्माण झाली आणि तिथेच मिटू शकत होती.

आता ‘मागणी आली तर’ या पूर्वपक्षाकडे नीट पाहू. मागणी करायची म्हणजे काय करायचं? आधी कोणाला लिहायचं ते शोधायचं, मग आपलं अपंगत्व वरिष्ठांसमोर पुन्हा एकदा मांडायचं, यूडीआयडी कार्डाची, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्राची, प्रत जोडायची आणि वाट पाहायची. कोर्सची मुदत मात्र थांबत नाही. पन्नाशीत ऐकू कमी येऊ लागलेला मुख्याध्यापक तर स्वतःला अपंग म्हणवतच नाही. त्याच्याकडे प्रमाणपत्र नाही, तो अर्ज करणार नाही. व्हिडिओला कॅप्शन असती तर त्याने ती निमूटपणे वाचली असती.

मग प्रत्यक्षात होतं काय? लॉगिन सहकाऱ्याच्या किंवा घरातल्या मुलाच्या हातात जातं, तो खटाखट क्लिक करतो आणि कोर्स ‘पूर्ण’ होतो. अहवालात पूर्णतेची टक्केवारी उत्तम दिसते, आणि तोच अहवाल दाखवून सांगितलं जातं की बघा, कोणाचीच तक्रार नाही. मला या सगळ्यात सर्वांत जास्त हेच खुपतं. शिकण्याची इच्छा असलेल्या माणसाला आपण शिकू दिलं नाही, वर त्याच्या नावावर शिकल्याची खोटी नोंद केली.

दुसरा आक्षेप खर्चाचा. तो खोटा नाही, अर्धवट आहे. भिंतीला प्लास्टर झाल्यावर वायरिंगसाठी खाचा पाडायला घेतल्या तर खर्च वाढणारच. पाइप आधी टाकले असते तर त्याचा वेगळा हिशेबही कोणी मांडला नसता. प्रशिक्षणाच्या व्हिडिओची संहिता चित्रीकरणाआधी लिहिलेलीच असते. तीच वेळेनुसार तोडून लावली की कॅप्शन तयार होते; पण चित्रीकरण झालं की संहितेची फाइल हरवते आणि वर्षभराने कोणीतरी तोच मजकूर ऐकून ऐकून पुन्हा टाइप करत बसतं. ‘जोड्या लावा’चा प्रश्न माउसने ओढून सोडण्याऐवजी यादीतून निवडण्याचा केला, तर हाताला कंप असलेला माणूस तो कीबोर्डवरून सोडवू शकतो. यात खर्च कुठला आला?

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि त्याला अमेरिकेतला दाखलाही आहे. फार दबाव आणलात तर लोक फुकटचे अभ्यासक्रम बंदच करतील, असं म्हटलं जातं. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने तेच केलं. तिथल्या मोफत व्याख्यानांना नीट कॅप्शन नाहीत, या तक्रारीवर अमेरिकेच्या न्याय विभागाने 2016 मध्ये विद्यापीठाला दोषी ठरवणारं पत्र दिलं, आणि 2017 मध्ये विद्यापीठाने 20,000 हून अधिक ध्वनिचित्रफिती सार्वजनिक वापरातून काढून घेतल्या. कर्णबधिरांमुळे सगळ्यांचं नुकसान झालं, असा बोभाटा तेव्हा झाला. पण ही गोष्ट अर्ध्यावर सोडली जाते. 2022 मध्ये त्याच विद्यापीठाने न्याय विभागाशी न्यायालयीन तडजोड करून आपलं ऑनलाइन साहित्य अपंगांना वापरता येईल असं करायचं मान्य केलं. त्याच काळात, अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने 2015 मध्ये भरलेल्या दाव्यांत हार्वर्डने 2019 मध्ये आणि एमआयटीने 2020 मध्ये कॅप्शन देण्याचं कबूल केलं. तिथले अभ्यासक्रम बंद पडले नाहीत. बर्कलेचा धडा कॅप्शन मागू नका असा नाही. वर्षानुवर्षं कॅप्शनशिवाय साठवत गेलात तर एक दिवस तो ढीग उपसणं अशक्य वाटू लागतं, असा आहे. आपल्याकडे तो ढीग आत्ता वाढतो आहे.

काही जण म्हणतात, आता सॉफ्टवेअर सगळं आपोआप करतं. संकेतस्थळावर एक विजेट बसवलं की काम झालं. असाच दावा करणाऱ्या ॲक्सेसिबी या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी 2025 मध्ये दिशाभुलीच्या आरोपावरून 10 लाख डॉलर भरायला लावणारी कारवाई केली. चित्रात नेमकं काय महत्त्वाचं आहे हे विजेट ठरवू शकत नाही. ते अभ्यासक्रम लिहिणाऱ्यालाच माहीत असतं.

आणि वेळेचं काय? अपंगांना चाचणीत जास्त वेळ दिला तर दर्जा घसरेल, ही भीती अजून ऐकू येते. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी लेखी परीक्षेत पात्र उमेदवाराला तासाला किमान 20 मिनिटं जादा दिली, आणि त्याने पदव्यांची किंमत उतरलेली नाही. मग दहा मिनिटांच्या ऑनलाइन प्रश्नमंजूषेचा टायमरच तेवढा का हलू नये?

कायद्याबद्दल तर आता शंकेला जागाच नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचं कलम 42 ध्वनी, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक मजकूर अपंगांना वापरता येईल अशा स्वरूपात असावा असं सांगतं. कॅप्शन, सांकेतिक भाषा आणि ध्वनिवर्णनाचा उल्लेख त्यात आहे. राजीव रतुरी खटल्यात 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे निकष नुसत्या शिफारशी असू शकत नाहीत, काही गोष्टी बंधनकारकच हव्यात, असं ठरवलं. 30 एप्रिल 2025 च्या प्रज्ञा प्रसून निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. हक्काची गोष्ट अर्ज करून मिळवायची नसते.

म्हणून माझं म्हणणं असं, की हा प्रश्न अभ्यासक्रम विकत घेताना सुटला पाहिजे. निविदेतच लिहावं : मजकूर युनिकोडमध्ये, प्रत्येक बटनाला आणि आकृतीला नाव, सगळं काम फक्त कीबोर्डवर होईल, व्हिडिओला तपासलेली मराठी कॅप्शन. ज्यांची पहिली भाषा सांकेतिक भाषा आहे त्यांना दाट मराठी कॅप्शन पुरत नाही, हेही ध्यानात ठेवावं. एनसीईआरटीने 2020 मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राशी करार करून शालेय पुस्तकं सांकेतिक भाषेत आणायचं ठरवलं. मग शिक्षकांच्या प्रशिक्षणातल्या सूचना आणि मुख्य पाठ तसे व्हायला हरकत नसावी.

आणि या अटींची तपासणी कागदावर करू नये. कोर्स सुरू होण्याआधी एक अंध, एक कर्णबधिर आणि माउस न वापरू शकणारा एक, असे तीन कर्मचारी कामाच्या वेळेत, योग्य मानधन देऊन बसवावेत. लॉगिनपासून प्रमाणपत्र डाउनलोड होईपर्यंत सगळं त्यांनी कोणाच्या मदतीशिवाय करावं. तिघांचीही प्रमाणपत्रं हातात येईपर्यंत कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता रोखून ठेवावा.