हृदयाचा स्नायू पुन्हा उगवतो का?

चंडीगडच्या सेक्टर १२ मध्ये पीजीआय हे मोठे रुग्णालय आहे. पंजाब, हरियाणा, हिमाचलमधून हृदयरोगी येथे येतात. झटक्यातून माणूस वाचला की घरच्यांच्या मनात एकच प्रश्न असतो, अशक्त झालेले हृदय पूर्ववत होईल ना? मोडलेले हाड जुळते, कापलेली त्वचा भरून येते, मग हृदय का नाही? त्यातच कुणीतरी सांगते, ‘स्टेम सेलचे इंजेक्शन द्या, नवा स्नायू तयार होतो.’ दागिने मोडून त्या मार्गाला लागण्यापूर्वी थोडी माहिती करून घेतलेली बरी.

हृदय घडते कसे?

गर्भधारणेनंतर साधारण २२ व्या दिवशी हृदय धडधडू लागते. तेव्हा ती फक्त एक नळी असते. पुढे ती वळते, दुमडते आणि तिचे कप्पे बनतात. या काळात स्नायूपेशी झपाट्याने वाढत असतात. जन्मानंतर मात्र बहुतेक पेशींचे विभाजन थांबते. बाळाचे हृदय मोठे होते ते मुख्यतः आहे त्याच पेशी आकाराने वाढल्यामुळे.

२००९ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी पेशींचे वय मोजून दाखवले. १९५० नंतरच्या अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या किरणोत्सारी कार्बनचा त्यांनी त्यासाठी उपयोग केला. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का स्नायूपेशी नव्या होतात आणि पंचाहत्तरीत अर्धा टक्काही नाही, असे आढळले. मोठ्या झटक्यात तर काही तासांत १०० कोटींपर्यंत पेशी मरू शकतात. एवढी तूट शरीर भरून काढू शकत नाही. त्या जागी वण तयार होतो. वण हृदयाला फाटू देत नाही, पण रक्त ढकलण्याचे काम त्याच्याने होत नाही.

निसर्गात अपवाद आहेत. झेब्रा नावाच्या छोट्या माशाच्या हृदयाचा पाचवा हिस्सा कापला तरी दोनेक महिन्यांत तो पुन्हा तयार होतो. एक दिवसाच्या उंदराच्या पिलालाही हे जमते, पण आठवडाभरात ही शक्ती संपते. ती माणसात पुन्हा जागी करता येईल का, यावर संशोधन चालू आहे.

आशा किती, वास्तव किती?

२००१ मध्ये अस्थिमज्जेतील मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल, उंदराच्या हृदयात स्नायू बनतात असा दावा झाला आणि जगभर खळबळ उडाली. २००४ मध्ये इतर प्रयोगशाळांना तसे काही आढळले नाही. पुढे २०१८ मध्ये त्याच गटाच्या प्रमुखाचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत, असे खुद्द हार्वर्ड विद्यापीठाने सांगितले. माणसांवरील चाचण्यांतही अशा इंजेक्शनांनी आयुष्य वाढते हे सिद्ध झालेले नाही.

दुसरी वाट जपानच्या यामानाका यांनी दाखवली. साध्या त्वचेच्या पेशीला मूळपेशीसारखे बनवण्याच्या शोधासाठी त्यांना २०१२ चे नोबेल मिळाले. अशा पेशींपासून बनवलेला स्नायूचा पातळ पापुद्रा २०२० मध्ये ओसाकात रुग्णाच्या हृदयावर बसवला गेला. हे काम आशादायक आहे, पण नव्या पेशी जुन्यांच्या ठेक्यात धडकतील का, त्यांची गाठ तर होणार नाही ना, हे प्रश्न सोपे नाहीत.

हृदय अगदीच थकले तर प्रत्यारोपणाचा मार्ग असतो. पीजीआयमध्ये पहिले हृदय प्रत्यारोपण २०१३ मध्ये झाले. पण त्यासाठी कुणा मृत व्यक्तीच्या कुटुंबाने दान करावे लागते, आणि काढलेले हृदय साधारण चार तासांत बसवावे लागते.

पैसे भरण्यापूर्वी

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमावलीनुसार रक्ताचे काही आजार वगळता मूळपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. म्हणून कुणी हृदयासाठी असा उपचार सुचवला, तर चाचणीचा नोंदणी क्रमांक मागावा. चाचणीतल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. लाखांची पावती पुढे आली तर तेथून उठावे.

नवा स्नायू मिळणे आज कठीण आहे, पण असलेला वाचवणे आपल्या हाती आहे. छातीत दाब, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ, घाम, धाप अशी लक्षणे दिसताच १०८ ला फोन करावा. स्त्रियांना आणि मधुमेहींना कधी कधी नुसती मळमळ किंवा विलक्षण थकवाच जाणवतो. ‘गॅस झाला असेल’ म्हणत सकाळची वाट पाहू नये. जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मिळू शकते, मोठ्या केंद्रात अँजिओप्लास्टी होते. पहिल्या तासा-दोन तासांत वाचलेला स्नायू हा आपला स्वतःचाच असतो, आणि त्याच्या तोडीची मूळपेशी अजून कोणत्याही प्रयोगशाळेत तयार झालेली नाही.