कमाई एका वर्षाची, वसुली सगळ्या हप्त्यांची



आज फवारणीचं नाही, खताचं नाही, कागदाचं लिहितोय. पीएम किसानचे पैसे परत भरायच्या नोटिसा हा विषय पारावर निघाला की निम्म्या माहितीवर भांडणं लागतात. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो. नियमात बसत नसताना ज्यानं पैसे घेतले त्यानं ते परत करावेत, यात दुमत नाही. पण दुष्काळाच्या एखाद्या वर्षी शेतकरी बाहेर कामाला गेला, त्या वर्षी त्याला टॅक्स बसला, म्हणून त्याचे मागचे-पुढचे सगळे हप्ते मागायचे आणि नाव कायमचं काढायचं, हे चूक हाय. ज्या वर्षी टॅक्स भरला त्या वर्षाचे पैसे घ्या, बाकीचे सोडा.

आधी नियम काय म्हणतो ते बघू. योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २०१८ पासून लागू धरली. वर्षाला ६ हजार, २-२ हजारांचे तीन हप्ते. कोणाला मिळणार नाही याची यादी त्यातच आहे. सरकारी नोकरदार (चतुर्थ श्रेणी सोडून), महिना १० हजार किंवा त्याच्या वर पेन्शन घेणारे, डॉक्टर, वकील, इंजिनीअर, सीए, आणि ज्यांनी मागच्या आकारणी वर्षात इन्कम टॅक्स भरला ते. शेवटची अट नीट वाचा. 'मागच्या आकारणी वर्षात' असे शब्द आहेत. जन्मात कधी टॅक्स भरला असेल तर, असं कुठं लिहिलेलं नाही. अट वर्षाची हाय, आणि माझं सगळं म्हणणं या एका शब्दावर उभं आहे.

आता हिशोब मांडतो. आमच्या शिवारातला एक गडी. चार एकर जमीन, निम्मी पाण्याखाली. २०१८ ला पावसानं ओढ दिली. त्या साली ३१ ऑक्टोबरला सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपला करमाळाही होता. हा गडी त्याच्या आधीच, जुलैत, पुण्याकडं पोकलेनवर ऑपरेटर म्हणून गेला. तात्पुरतं काम, मार्चपर्यंत. डबल ड्युटी करून नऊ महिन्यांत ४ लाख पगार झाला. त्या वर्षी पगारदाराला ४० हजारांची सरसकट सूट होती. राहिले ३ लाख ६० हजार. टॅक्समाफी साडेतीन लाखांपर्यंतच होती, हा दहा हजारांनी वर गेला. अडीच लाखांच्या वरच्या १ लाख १० हजारांवर पाच टक्के आणि त्यावर सेस, असा टॅक्स बसला ५ हजार ७२०. तो मालकानं पगारातूनच कापला. काम संपलं, गडी गावाकडं आला, परत बैल आणि बांध.

पुढं २०२१ च्या सुरुवातीला त्याला नोटीस आली. तोपर्यंत सात हप्ते झाले होते, सगळेच्या सगळे परत मागितले. म्हणजे टॅक्स ५ हजार ७२० आणि वसुली १४ हजार. अटीप्रमाणं कसंही मोजा, एका आकारणी वर्षाच्या टॅक्ससाठी फार तर तीन हप्ते जातात, ६ हजार. वरचे ८ हजार कशाचे, ते नोटिशीत कुठंच नव्हतं. कोणतं वर्ष तेही नव्हतं. नुसतं 'आपण आयकर भरत असल्याने अपात्र आहात'. 'भरत असल्याने' म्हणे! भरला एकदा.

यातली गंमत बघा. लगेच पुढच्या वर्षापासून, म्हणजे २०१९-२० पासून, ५ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला टॅक्स शून्य झाला. हेच काम, हाच पगार, नुसतं एक वर्ष उशिरा घेतला असता तर हा गडी नियमात बसला असता. चार एकर तेवढंच, कर्ज तेवढंच. दुष्काळ एक वर्ष आधी पडला हाच काय तो फरक.

काहीजण म्हणतील, त्यानं कळवायला पाहिजे होतं. बरोबर. पण कुठं कळवायचं? २०१९ ला तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांनी गावात बसून घाईघाईत याद्या केल्या, स्वयंघोषणापत्रावर सह्या घेतल्या. ज्यानं सही केली त्या दिवशी ते खरं होतं. पुढं परिस्थिती बदलली तर सांगायचं कुणाला, यासाठी गावात ना खिडकी ना अर्ज. पोर्टलवर आता लाभ स्वतःहून सोडायची सोय आहे, पण ती योजनेतून बाहेर पडायची सोय आहे. 'या वर्षी मला टॅक्स बसला, यंदाचे हप्ते थांबवा, पुढच्या वर्षी परत सुरू करा' असं सांगायचं बटण मला तरी सापडलेलं नाही. घरातून बाहेर जायला दार आणि परत यायला दार नाही, तर माणूस उंबऱ्यावरच बसणार.

आता दुसरी बाजू. गावात खरे लबाडही आहेत, झाकून काय उपयोग? भरपूर पेन्शन घेणारा हप्ता घेतो. शहरात दवाखाना चालवणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर आहे म्हणून त्यालाही २ हजार. नवरा-बायको दोघं वेगवेगळे घेतात, योजना कुटुंबाला असताना. यांच्याकडून वसुली झालीच पाहिजे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं संसदेत सांगितलं की देशात ४२ लाखांवर अपात्र लोकांना सुमारे २ हजार ९९२ कोटी गेले. त्यात आपल्या महाराष्ट्राचे ४ लाख ४५ हजार लोक आणि ३५८ कोटी. आणि २०२५ मध्ये सांगितलं की देशभरात वसूल झाले ४१६ कोटी. म्हणजे चार वर्षांनी सातवा हिस्साही नाही. माझा अंदाज असा की आधी भरतो तो नोटीस बघून घाबरणारा. ज्याची वर ओळख आहे तो नोटीस खिशात घालून फिरतो. सगळ्यांना एकाच पोत्यात भरलं की असंच व्हायचं.

नियमात तात्पुरत्या कामाचा विचार करता येत नाही असंही नाही. लाडकी बहीण योजनेत सरकारी नोकरी असलेलं घर वगळलं आहे, पण अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेले कंत्राटी आणि बाह्ययंत्रणेचे कर्मचारी पात्र, असं लिहून ठेवलेलं आहे. त्या योजनेचे दुसरे घोळ असतील, पण कायमचा नोकर वेगळा आणि तात्पुरता वेगळा, एवढं तरी कागदावर मान्य केलं. शेतकऱ्याच्या बाबतीत हे कुणाला का सुचलं नाही?

नुसतं कॉम्प्युटरवर विसंबून वसुली केली की काय होतं, याचा दाखला ऑस्ट्रेलियाचा आहे. तिकडं बेकारी भत्ता दर पंधरवड्याच्या कमाईवर ठरतो. सरकारनं टॅक्स खात्याकडून वर्षाची कमाई घेतली आणि कॉम्प्युटरनं ती सव्वीस पंधरवड्यांत सारखी वाटली. जो माणूस चार महिने कामावर होता आणि आठ महिने घरी, तोही वर्षभर कमावत होता असं दिसलं. लाखो लोकांच्या दारात वसुलीच्या नोटिसा गेल्या. २०१९ ला ती पद्धत बंद करावी लागली, घेतलेले पैसे परत द्यावे लागले, आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगानं सांगितलं की हे न्यायाचंही नव्हतं आणि कायद्याचंही नव्हतं. आपली योजना वेगळी, रक्कम लहान. पण चुकीचं मूळ तेच. हंगामी कमाईला बारमाही समजणं. ज्याला पाऊस कळतो त्याला हा फरक सांगावा लागत नाही.

आता ज्यांना नोटीस आली असेल त्यांच्यासाठी कामाचं.

१) आधी लेखी विचारा, कोणत्या आकारणी वर्षाचा टॅक्स, किती, आणि कोणकोणते हप्ते परत मागताय. अर्जाची पोच घ्या. आकारणी वर्ष हे कामाच्या वर्षानंतरचं असतं. २०१८-१९ ला काम केलं तर कागदावर २०१९-२० दिसतं. इथंच बऱ्याच जणांचा गोंधळ होतो.

२) टीडीएस कापला म्हणजे टॅक्स भरला असं नाही. ऊस वाहतुकीच्या बिलातून, ठेवीच्या व्याजातून, कंत्राटी पगारातून टीडीएस कापतात. वर्षाचा टॅक्स शून्य निघत असेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो. फॉर्म १६ आणि २६एएस काढून घ्या. टॅक्स शून्य असेल तर रिटर्नची प्रत जोडून हरकत द्या. नुसतं रिटर्न भरलं म्हणून कुणी अपात्र होत नाही, अट टॅक्स भरल्याची आहे.

३) वाहतूकवाल्यांनी एक ध्यानात ठेवा. बिलाची सगळी रक्कम म्हणजे तुमचं उत्पन्न नव्हे. डिझेल, ड्रायव्हर, टायर वजा करून रिटर्न भरून घ्या. घाईत कुणीतरी सगळं बिल उत्पन्न म्हणून टाकलं तर टॅक्सही बसतो आणि हप्ताही जातो.

४) खरंच टॅक्स भरला असेल तर त्या वर्षाचे पैसे परत करा, लपवू नका. पोर्टलवर परताव्याची सोय आहे. पावती फाईलला लावा. एजंटाच्या हातात रोख देऊ नका. आणि व्हॉट्सअॅपवर पीएम किसानच्या नावानं एपीके फाईल आली तर उघडायचीच नाही, त्यातून खाती रिकामी होतात.

५) पीएम किसानच्या यादीवरच राज्याचा नमो शेतकरी सन्मान निधी चालतो. २०२३ पासून तेही वर्षाला ६ हजार. एक थांबलं की दुसरंही अडकतं, म्हणजे घाव दुप्पट. म्हणून विषय लहान समजू नका.

कृषी खात्यातले आणि महसूलमधले साहेब लोकही हे पान वाचतात, त्यांच्यासाठी चार ओळी. नियम दिल्लीत होतात हे कळतं, पण खालून लिहून गेलं तर वर वाचलं जातं. नोटिशीत आकारणी वर्ष आणि हप्त्यांचे नंबर टाका. वसुलीआधी माणसाला एकदा समोर बसवून ऐका. ज्या वर्षाचा टॅक्स त्या वर्षाचेच हप्ते मागा. एकरकमी मागण्यापेक्षा पुढचे हप्ते वळते करून घ्या, म्हणजे कुणाला पेरणीच्या तोंडावर सावकाराकडं जावं लागणार नाही. आणि वर्ष सरलं, टॅक्स शून्य झाला, की नाव परत चालू करायची सोय ठेवा.

२०२३ ला परत करमाळ्यात दुष्काळ जाहीर झाला. उजनीकाठचा माणूस असो नाहीतर जिरायत पट्ट्यातला, परत पोरं बाहेर कामाला गेली, आणि पुढं कधी तशी वेळ आली तर परत जातील. शेती वाचवायला माणूस शेतीबाहेर जातो, हे आपल्या भागात नवीन नाही. बाहेर जाऊन चार पैसे आणून तो विहिरीचं पाणी आणि सोसायटीचं कर्ज सांभाळतो. त्यालाच 'तू शेतकरी नाहीस' म्हणणारा नियम घरी बसून राहणाऱ्याला बक्षीस देतो.

कुणाला सगळ्या हप्त्यांची नोटीस आली असेल तर त्यात आकारणी वर्ष लिहिलं होतं का, एवढं खाली सांगा. नाव, गाव, आधार नंबर टाकू नका. दहा-वीस जणांचं एकसारखं निघालं तर एकत्र निवेदन देऊ.