पाठीवर पिशवी, पुढं अनोळखी गाव

छोट्या दोस्तांनो,

आपल्या परभणी जिल्ह्यातले पत्रकार विष्णुदास चापके २०१६ साली घरातून निघाले आणि २०१९ साली परत आले. या काळात त्यांनी पृथ्वीला एक चक्कर मारली. आणि तीही कशी? कधी रस्त्यानं, कधी रेल्वेनं, कधी समुद्रावरून. वाटेत पस्तीस देश लागले.

ही हकीकत वर्गात सांगितली की दोन प्रश्न ठरलेले. पहिला, ‘सर, पैसे किती लागले?’ दुसरा प्रश्न बहुधा मागच्या रांगेतून येतो, ‘सर, ओळख ना पाळख, मग तिथं झोपायला घरात कोण घेतंय?’

पहिला प्रश्न गणिताचा आहे. आज आपण दुसऱ्याकडं वळू. जगभरात कितीतरी माणसं पाठीवर एक पिशवी अडकवून असा प्रवास करतात. महागडं हॉटेल नाही, बरोबर वाटाड्या नाही. लहानसं गाव गाठायचं, स्वस्तातली खोली बघायची, गावातल्या माणसांशी बोलायचं. जमलं तर चार दिवस राहायचं, नाहीतर पुढची गाडी पकडायची. या प्रवासात पिशवीत काय भरलंय याला फारसं महत्त्व नसतं. अनोळखी माणसाशी आपली गाठ कशी पडते, यावर सगळं चालतं.

हे काही आजचं नाही बरं का! आपल्या मराठी मुलखातली एक जुनी गोष्ट ऐका.

आजच्या रायगड जिल्ह्यात, पेण तालुक्यात वरसई नावाचं गाव आहे. तिथं विष्णुभट गोडसे नावाचे भिक्षुक राहायचे. घरची ओढाताण होती. तेवढ्यात बातमी आली, की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत आणि दक्षिणाही भरपूर वाटणार आहेत. झालं! १८५७ साली विष्णुभट आपल्या काकांना बरोबर घेऊन उत्तरेकडं निघाले. ना मोटार, ना आगगाडी. महूच्या अलीकडे वाटेत त्यांना काही शिपाई भेटले. त्यांनी काडतुसांची हकीकत सांगितली आणि आता मोठा भडका उडणार, असा इशाराही दिला. तो खरा ठरला. दक्षिणा मिळवायला निघालेले काका-पुतणे थेट १८५७ च्या उठावात जाऊन पडले!

पुढं ते उज्जैन, धार, ग्वाल्हेर करत झाशीला पोचले. १८५८ साली इंग्रजांनी झाशीला वेढा घातला, तेव्हा विष्णुभट गावातच होते. तोफगोळे पडत होते. शहर पडल्यावर लूट आणि कत्तल झाली. त्यांनी ती लपून राहून पाहिली. जवळचे पैसे लुटले गेले. एकदा नाही, वाटेत पुन्हापुन्हा लुटले गेले. तरी हा माणूस जिवंत परत आला. कुणाच्या जोरावर? वाटेतल्या माणसांच्या जोरावर! कुणी ओसरी दिली, कुणी शिधा दिला, कुणी पुढचा रस्ता सांगितला. धामधुमीच्या त्या दिवसांत अनोळखी माणसाला घरात घेणं सोपं नव्हतं. घेणाऱ्याच्याही जिवाला घोर होता.

त्यांनी लिहून ठेवलेला एक प्रसंग फार सुंदर आहे. झाशी पडल्यानंतर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी लक्ष्मीबाई दिसल्या. अंगभर धूळ, चेहरा थकलेला, तहानेनं जीव कासावीस. विष्णुभट लगबगीनं मडक्यानं पाणी काढून देऊ लागले. राणीनं त्यांना थांबवलं. स्वतःच पाणी काढलं आणि ओंजळीनं प्यायल्या. बघा, एक झाशीची राणी आणि एक कोकणातला गरीब भिक्षुक. दोघेही घरापासून तुटलेले, दोघेही वाटेवरचे. त्या विहिरीपाशी दोघांमध्ये फक्त तहान आणि पाणी होतं.

दोन वर्षांहून अधिक काळानं विष्णुभट घरी आले. खांद्यावर गंगाजलाची कावड होती. त्या पाण्यानं त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं. पुढं त्यांनी ही सगळी हकीकत लिहून काढली. त्यांच्या मागं, १९०७ साली, ‘माझा प्रवास’ या नावानं ती छापली गेली. मोठे झालात की जरूर वाचा.

आता एक प्रश्न मी तुम्हांला विचारतो. विष्णुभटांना दारं का उघडली? ते भले होते म्हणून, हे खरंच. पण आणखी एक कारण होतं. ते वेद शिकलेले ब्राह्मण होते. झाशी-ग्वाल्हेरकडं मराठी ब्राह्मणांची घरं होती. बोली एक, रीतभात एक, जात एक. त्यामुळं धागा लगेच जुळायचा. त्याच काळात, त्याच रस्त्यावरून जाणाऱ्या कितीतरी माणसांना केवळ जातीमुळं विहिरीवर पाणीसुद्धा भरता येत नव्हतं. त्यांच्यासाठी ती ओसरी नव्हती आणि ती विहीरही नव्हती. हे विसरून विष्णुभटांची गोष्ट सांगितली, तर ती अर्धीच सांगितल्यासारखी होईल.

म्हणजे खरी परीक्षा कुठं? जिथं आपली जात, आपली भाषा, आपला पाहुणा-रावळा यांतलं काहीच नाही, तिथं! म्हणून आम्ही वर्गात एक खेळ खेळलो. नकाशावर परभणीपासून लांब, समुद्रापलीकडचा देश निवडायचा आणि तिथल्या एखाद्या लहान गावात आपण पाठीवर पिशवी घेऊन उतरलो आहोत, असं समजायचं. पोरांनी फुटबॉलमुळं ब्राझील निवडला. आपल्या देशाच्या अडीचपटीहून मोठा देश! आपल्याकडं दुपारचे बारा वाजतात तेव्हा त्यांच्या राजधानीत पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. तिथली भाषा पोर्तुगीज. ‘सर, आपल्याला तर त्यातला एकबी शब्द येत नाही,’ एक जण म्हणाला.

येत नाही कसा? येतो की! पाव, चावी, बादली, घमेलं, पगार, हे शब्द आपल्याकडं पोर्तुगीजांकडून आलेत. १५०० साली पोर्तुगीजांचा एक जहाजांचा ताफा ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि त्याच सफरीत पुढं आपल्या कालिकतला आला. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला. त्यामुळं तेच शब्द तिकडंही रुजले आणि इकडंही. उच्चार थोडा बदलतो. चावीला ते ‘शावी’च्या जवळचं काहीतरी म्हणतात. ‘पगार’ म्हणजे त्यांच्याकडं पैसे देणं. पण खोलीच्या दारात उभं राहून हातानं कुलूप फिरवल्यासारखं केलंत आणि ‘चावी, चावी’ म्हणालात, तर तिथली आजी हसत हसत चावी आणून देईल, असं मला वाटतं.

आता जेवणाचं बघा. तिथं रोजच्या ताटात भात आणि घेवड्याच्या दाण्यांची रसदार उसळ असते. अगदी आपल्या वरण-भातासारखा त्यांचा हा भात-उसळीचा जोड. आणि आपली एकादशीची खिचडी? साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. शेंगदाणा तिकडचाच. बटाटाही तिकडचा. मिरचीही अमेरिका खंडातूनच आलेली. काजूचं झाड तर खास ब्राझीलचं, आणि ‘काजू’ हा शब्दही तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून पोर्तुगीजांनी उचललेला. म्हणजे आपण उपास करतो तो निम्मा दक्षिण अमेरिकेच्या जिवावर!

आणि गुरं! मिनास जेराइस नावाच्या राज्यात उबेराबा हे शहर आहे. तिथं वशिंडाच्या गुरांचं मोठं प्रदर्शन दर वर्षी भरतं. ही गुरं मूळची आपल्याकडची. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत ती भारतातून तिकडं नेली. आपल्या गुरांना ऊन सोसतं, गोचिडांचा त्रास कमी होतो, म्हणून ती तिथं टिकली आणि वाढली. आंध्रातल्या नेल्लोरवरून त्यांनी एका जातीला ‘नेलोर’ हे नाव दिलं. गुजरातवरून ‘गुझेरा’. गीर तर गीरच राहिली. आमच्या वर्गातली निम्मी पोरं शेतकऱ्यांची. हे ऐकून त्यांचे डोळे चमकले. ‘मग तर सर, बैलाचंच बोलणं काढायचं!’

अगदी बरोबर. पण इथंच एक गोष्ट ध्यानात ठेवायची. तिथं नेलोर मुख्यतः मांसासाठी पाळतात, गीर दुधासाठी. त्यांच्या ताटातलं सगळंच आपल्याला चालेल असं नाही. तेव्हा नाक मुरडायचं नाही. ‘मी हे खात नाही’ एवढं हसून, हात जोडून सांगायचं आणि जे चालतं ते आवडीनं खायचं. जेवण झालं की आपली ताटली आपण उचलायची. समोरच्याचं नाव नीट विचारून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच नावानं हाक मारायची. कुठं काम चाललेलं दिसलं तर हात लावायचा. ज्याला भाषा येत नाही, त्याला एवढं तरी करता येतंच.

आता ब्राझील राहू द्या आणि आपल्या गावाकडं या.

आषाढीच्या आधी शेगावची गजानन महाराजांची पालखी आपल्या जिल्ह्यातून पंढरपूरला जाते. तेव्हा आपण काय करतो? वारकऱ्यांना पाणी देतो, जेवू घालतो, झोपायला जागा करून देतो. कुणाला जात विचारत नाही, गाव विचारत नाही. म्हणजे दार उघडणं आपल्याला येतं. मग वर्षाचे बाकीचे दिवस?

दिवाळीच्या सुमाराला आपल्या जिल्ह्यातली किती कुटुंबं ऊसतोडीला जातात, हे तुम्हांला सांगायला नको. तुमच्यातले काही जण स्वतः गेले असतील. तीही पाठीवर पिशवी घेऊनच निघतात, फक्त हौसेनं नाही, पोटासाठी. साखर कारखान्याच्या गावात, उसाच्या फडाजवळ, कोपीत राहतात. त्या गावाला आपलं लेकरू अनोळखी असतं. तिथल्या शाळेत ते बसलं, तर शेजारी कोण बसतं?

आणि उलटंही होतं. आमच्या शाळेत वर्षाच्या मध्येच एक मुलगी आली. आईवडील वीटभट्टीवर कामाला. घरी तेलुगू बोलायची, मराठी तोडकंमोडकं. आठवडाभर ती दाराजवळ एकटीच बसायची. पोरी वाईट नव्हत्या, पण काय बोलावं हेच कुणाला सुचत नव्हतं. एका दुपारी पावसामुळं मैदानावर जाता येईना. व्हरांड्यात सागरगोट्यांचा डाव रंगला. ती जवळ येऊन नुसती बघत राहिली. एकीनं तिच्यापुढं सागरगोटे सरकवले. आणि काय सांगू! हिनं असे काही झेलले, की सगळ्यांचा डाव तिथंच संपला. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी बसायला भांडण! हा खेळ ब्राझीलमध्येही आहे बरं का. पाच खडे किंवा वाळूच्या पाच छोट्या पुरचुंड्या घेऊन खेळतात, आणि त्याला ‘पाच मारिया’ असं गमतीदार नाव आहे.

तिच्या आईवडिलांचं काम संपलं आणि ती गेली. पण जाताना आमच्या पोरींना तेलुगूत दहापर्यंत मोजायला शिकवून गेली.

आईबाबांना दोन शब्द. ‘अनोळखी माणसापासून सावध राहा’ हे तुम्ही मुलांना सांगता, ते सांगायलाच हवं. लहान मुलांनी अनोळखी माणसाबरोबर एकट्यानं कुठं जाऊ नये, कुणी काही दिलं तर घरी विचारल्याशिवाय खाऊ नये. मोठे प्रवासीही हे पाळतातच. उजेडी गावात पोचतात, कुठं उतरलोय ते घरी कळवतात, मनाला पटलं नाही तर सरळ निघून जातात. पण सावध राहणं वेगळं आणि तुच्छ लेखणं वेगळं. भट्टीवरच्या, पालावरच्या, कोपीतल्या लेकराबद्दल आपण घरात कसं बोलतो, ते आपली मुलं ऐकत असतात. तुमचं पोर उद्या पुण्या-मुंबईला किंवा परदेशात शिकायला जाईल. तिथल्या कुणीतरी त्याला जवळ करावं असं तुम्हांला वाटेलच ना?

तर दोस्तांनो, या आठवड्याचा उद्योग असा. तुमच्या वर्गात, गल्लीत किंवा गावात बाहेरून आलेलं एक तरी मूल असेल. आईबाबांना सांगून त्याच्याशी ओळख करून घ्या. त्याच्या भाषेतले पाच शब्द शिका आणि आपले पाच शब्द त्याला शिकवा. त्याच्या घरी कोणता खेळ खेळतात तेही विचारा, आणि ते दहा शब्द वहीत लिहून ठेवा. आणि तुम्हीच जर दुसऱ्या गावात जाऊन राहिला असाल, तर तिथं तुमच्याशी पहिल्यांदा कोण बोललं आणि काय बोललं, ते आम्हांला लिहून पाठवा. पत्रात आपलं नाव आणि इयत्ता लिहायला विसरू नका!

तुमचा,
सर