दीडशे तास आणि एक जुना ट्रक

रायपूरच्या टाटीबंध भागात ट्रकची सारी दुनिया एका रस्त्यावर भेटते. बॉडी बांधणारे, कमानपाटे बसवणारे, रेडिएटरवाले, टायरवाले, नंबरप्लेटपासून फाळक्यावरच्या नक्षीपर्यंत सगळे रंगवणारे पेंटर. उरला आणि सिलतरा इथल्या कारखान्यांचे लोखंड मुंबई-कोलकाता महामार्गाने देशभर जाते, म्हणून हे कसब इथे रुजले. खंत एवढीच, की हे कसब बहुतेक आयटीआयच्या फाटकापाशी थांबते. आत स्टँडवर लाल-निळा रंगवलेला कट-सेक्शन इंजिनचा सांगाडा असतो. प्रशिक्षणार्थी तो वर्षभर पाहतो; पण आपण खोललेली आणि पुन्हा जोडलेली गाडी स्वतःच्या हाताने सुरू करण्याचा क्षण त्याच्या वाट्याला क्वचितच येतो.

यावर उपाय अभ्यासक्रमातच आहे. शिल्प कारागीर योजनेच्या सुधारित अभ्यासक्रमात वर्षाला १२०० तास आहेत आणि त्याशिवाय १५० तास जवळच्या उद्योगात प्रत्यक्ष काम करायचे आहे. तशी सोय नसेल तिथे समूह प्रकल्प सक्तीचा आहे. हे दीडशे तास तक्ते आणि थर्माकोलच्या प्रतिकृतींवर घालवणे म्हणजे मुलांचे नुकसान. तेवढ्या वेळात एक जुना ट्रक पुरता उभा राहणार नाही, हे खरे. पण लागोपाठच्या दोन-तीन तुकड्यांनी तो पुढे नेला तर नक्की उभा राहील. मोटार मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक, वेल्डर, शीट मेटल आणि पेंटर हे एरवी वेगवेगळ्या शेडमध्ये शिकणारे ट्रेड त्या एका चॅसीभोवती एकत्र येतात.

ट्रक जुनाच का? टाटा-मर्सिडीजचे ट्रक १९५४ पासून जमशेदपूरला बनू लागले, जर्मन करार १९६९ मध्ये संपला आणि त्याच घराण्यातली १२१० सारखी मॉडेल्स पुढे कित्येक वर्षे रस्त्यावर राहिली. माइकोचा इनलाइन पंप, पाईप, नोझल, सगळे डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते. २०२३ मध्ये छत्तीसगड सरकारने टाटा टेक्नॉलॉजीजशी राज्यातल्या ३६ आयटीआयच्या आधुनिकीकरणाचा करार केला. नवी यंत्रे यायलाच हवीत. मात्र बीएस-६ गाडीचा स्कॅनर ‘रेलमधला दाब कमी’ एवढेच सांगतो. डिझेल लाइनमधली हवा ज्याने एकदा स्वतः काढली आहे, त्याला त्या इशाऱ्यामागची कारणे शोधता येतात.

पुढच्या ॲक्सलचेच पाहा. जॅक लावून चाक उचलायचे, वर-खाली धरून हलवायचे. खेळ जाणवला तर दोष बेअरिंगचा की किंगपिनचा? दुसऱ्याने ब्रेक दाबून धरावा. खेळ थांबला तर बेअरिंग, तसाच राहिला तर किंगपिन. ही परीक्षा वर्गात सांगायला दोन मिनिटे पुरतात, हाताला कळायला अख्खी गाडी लागते. चॅसीचेही तसेच. दोन्ही बाजूंचे ठरलेले बिंदू ओळंब्याने जमिनीवर उतरवावेत, खडूने खुणा कराव्यात आणि कर्णांची मापे घ्यावीत. ती जुळली नाहीत तर चॅसी तिरकी बसली आहे. भूमितीच्या तासाला कंटाळणारी मुले या खुणांवर तावातावाने वाद घालतात, तेव्हा निदेशकाने आनंदाने बाजूला उभे राहावे.

पुण्याजवळच्या पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो हाताने काम करत शिकण्याच्या याच विश्वासावर. तिथे जुन्या जीपचे भाग वापरून ‘मेकबुल’ हा छोटा ट्रॅक्टर तयार झाला, आणि आश्रमाचा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम महाराष्ट्रातल्या शाळांपर्यंत गेला. पाबळसारख्या गावाला जमले ते रायपूरसारख्या वाहतुकीच्या शहराला जड जाऊ नये.

नटवण्याचा मोह मात्र आवरावा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत फेरफार करू देत नाही. २०२१ मध्ये आलेले व्हिंटेज नोंदणीचे नियम पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकी खासगी वाहनांसाठी आहेत, मालवाहू ट्रकला त्यांचा आधार नाही. तेव्हा नोंदणी रद्द झालेली गाडी घ्यावी आणि ती आवारातच चालवावी. तिच्यावर फिरती कार्यशाळा किंवा वेल्डिंगचा संच बसवायचा असेल तर बसवावा. पण चॅसीच्या वरच्या-खालच्या फ्लँजला भोक पाडू नये, वेल्डिंगही करू नये. ब्रॅकेट उभ्या पट्टीवर बोल्टनेच बसवावा.

सुरक्षेत तडजोड नको. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतो. ती हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. लॉकरिंगच्या चाकातली हवा पूर्ण काढल्याशिवाय रिंगला हात लावू नका, आणि हवा भरताना चाक पिंजऱ्यात ठेवा. स्प्रिंग ब्रेकचा चेंबर केजिंग बोल्ट न लावता उघडू देऊ नका. या तीन ठिकाणी निदेशकाने स्वतः हजर राहायलाच हवे.

गाडी मिळवणे हा सर्वांत कठीण भाग. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू राहत नाही. त्या नोंदणीकृत भंगार केंद्रांकडे जातात. तिथून इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल आयटीआयला आधी मिळावेत अशी मागणी प्राचार्यांनी लेखी करायला हवी. त्याचबरोबर टाटीबंधच्या मालकांकडेही जावे. ज्या ट्रकने घर चालवले, तो कटरखाली देण्यापेक्षा मुलांच्या हाती द्यायला कुणी ना कुणी तयार होईल, आणि तिथले जुने मिस्त्री शिकवायलाही येतील.

नवे सत्र ऑगस्टमध्ये सुरू होते. त्याआधी प्रत्येक निदेशकाने आपल्या प्राचार्यांकडे एका ट्रकची मागणी नोंदवावी आणि काम सुरू झाले की त्याची जॉब कार्डे या मासिकाकडे पाठवावीत. ती सविस्तर छापली जातील.