सेवेला जाताना कसब घरी ठेवू नका

अमेरिकेतल्या चर्चमधून दरवर्षी जवळपास 16 लाख माणसे अल्पमुदतीच्या मिशन दौऱ्यावर परदेशी जातात, असा अंदाज समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाऊ यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात मांडला होता. आठवडा-दोन आठवड्यांची रजा, थोडे पदरचे आणि थोडे मंडळीने जमवलेले पैसे, आणि मध्य अमेरिकेतले किंवा आफ्रिकेतले एखादे गाव, असा हा दौरा असतो. जाणाऱ्यांत हिशेबनीस, परिचारिका, शिक्षक, इंजिनिअर, वायरमन असे सगळे असतात. तिथे पोहोचल्यावर मात्र अनेकांच्या हाती रंगाचा ब्रश नाहीतर सिमेंटचे घमेले येते. ज्या कामात माणूस वर्षानुवर्षे मुरला ते काम मागे राहते आणि जे कधी केलेच नाही ते परक्या मुलखात करायला घेतले जाते. हे बदलायला हवे. ख्रिस्ती सेवेसाठी परदेशी जाणाऱ्याने आपला पेशाच सोबत न्यावा, आणि घरी त्या पेशाला जी बंधने लागू असतात तीही सगळी न्यावीत.

ऑक्टोबर 1998 मध्ये मिच चक्रीवादळाने होंडुरासची दैना केली. त्यानंतर उत्तर अमेरिकेतल्या चर्चचे गट घरे बांधायला तिथे गेले. होंडुरासमध्ये राहणारे समाजशास्त्राचे प्राध्यापक कर्ट व्हर बीक, जे स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती आहेत, त्यांनी पुढे या कामाचा अभ्यास केला. पाहुण्या गटांना एक घर प्रवासखर्च धरून सरासरी 30 हजार डॉलरला पडले होते. स्थानिक ख्रिस्ती संस्था घर बांधत होती 2 हजारांत. म्हणजे एका घराच्या पैशात पंधरा घरे झाली असती, तिथल्या गवंड्यांना मजुरी मिळाली असती ती वेगळीच. घर कोणी बांधले यामुळे त्यात राहणाऱ्या कुटुंबांच्या आयुष्यात फरक पडलेला दिसला नाही. दौऱ्याने निदान जाणाऱ्याचे मन पालटते, परतल्यावर तो सढळ हाताने दान करतो, असे म्हटले जाते. व्हर बीक यांच्या पाहणीत तेही फारसे टिकले नाही.

घर महाग पडले तर पैसा वाया जातो. वैद्यकात अडाणीपणा जिवावर बेततो. युगांडातल्या जिंजा शहरात वैद्यकीय शिक्षण नसलेल्या एका अमेरिकन तरुणीने मिशनच्या प्रेरणेने कुपोषित मुलांसाठी केंद्र चालवले. 2010 ते 2015 या काळात दाखल झालेल्या 940 मुलांपैकी 105 दगावली, ही संस्थेचीच आकडेवारी. आपण स्वतः उपचार करत होतो हा आरोप तिने नाकारला आणि दोन मातांनी लावलेला दावा 2020 मध्ये दोष कबूल न करता तडजोडीने मिटला. तेव्हा व्यक्तीचा निवाडा करण्याचे कारण नाही. पण असे केंद्र चालवण्याची जबाबदारी अप्रशिक्षित हातांत असावी का, हा प्रश्न उरतोच. अतिकुपोषित मुलाला भराभर सलाइन चढवले तर त्याचे दुबळे हृदय तो भार पेलत नाही. एकदम पोटभर खाऊ घातले तरी रक्तातल्या क्षारांचे प्रमाण ढासळते. सुरुवातीचे काही दिवस मोजूनमापून, थोडे थोडेच द्यावे लागते. माया कितीही असली तरी हे ज्ञान तिच्यातून येत नाही. जे काम आपल्या देशात परवान्याशिवाय करता येत नाही, ते गरीब देशात गेल्यावर कोणी अडवत नाही म्हणून करणे हा त्या गरिबांचा अपमान आहे.

याउलट मर्सी शिप्स ही 1978 मध्ये सुरू झालेली ख्रिस्ती संस्था इस्पितळ-जहाजे चालवते. यजमान सरकारने बोलावल्यावरच जहाज बंदरात लागते. जहाजावरचे स्वयंसेवक पगार घेत नाहीत, पण सर्जन शस्त्रक्रियाच करतो आणि वीजतंत्री वीजच सांभाळतो. अशा कामात पेशाची खरी कसोटी कशी लागते, ते मोतीबिंदूच्या उदाहरणावरून कळते. अमेरिकेतला नेत्रतज्ज्ञ मोतीबिंदू डोळ्यातच फोडून काढणाऱ्या फेको यंत्रावर तयार झालेला असतो. यंत्र महाग, दर रुग्णामागे लागणारे साहित्यही महाग, आणि वर्षानुवर्षे पिकून कठीण झालेला मोतीबिंदू त्याने फोडणे अवघड. गरीब देशांत लागते ती हाताने करायची शस्त्रक्रिया: डोळ्याच्या पांढऱ्या भागात बोगद्यासारखा छोटा छेद घ्यायचा, मोतीबिंदूचा कठीण गाभा अखंड बाहेर काढायचा, कृत्रिम भिंग बसवायचे, छेद बहुधा टाक्याविनाच मिटतो. हे तंत्र भारतात आणि नेपाळमध्ये असंख्य डोळ्यांवर घोटले गेले आहे. म्हणजे पाश्चात्त्य डॉक्टरला आधी शिकावे लागते, आणि आपल्याकडच्या नेत्रशिबिरांत हात बसलेला डॉक्टर तिथे पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो. तो तिथल्या दोन डॉक्टरांना हे शिकवून आला, तर ते पुढे आयुष्यभर ती शस्त्रक्रिया करत राहतील.

यंत्रांचेही असेच. गरीब देशांतल्या इस्पितळांत जवळपास 40 टक्के उपकरणे बंद असतात, असे 2011 च्या एका अभ्यासात आढळले. यात दान आलेली यंत्रेही असतात. 110 व्होल्टवर चालणारे अमेरिकन यंत्र युगांडाच्या 240 व्होल्टला थेट जोडले की जळते. कुठे फ्यूज गेलेला असतो, कुठे माहितीपुस्तिकाच नसते. यंत्रे दुरुस्त करणारा तंत्रज्ञ पंधरा दिवस मागच्या खोलीत तिथल्या मुलासोबत बसला तर त्यातली कितीतरी पुन्हा चालू होतात. मंडळीत फोटो दाखवण्याजोगे हे काम नाही, पण माझ्या लेखी भिंती रंगवणाऱ्या सबंध गटापेक्षा याचे मोल अधिक आहे.

पेशा घेऊन सेवेला येणे भारताला नवे नाही. कॅनडातून आलेल्या विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत इस्पितळ उभारले आणि तीनच वर्षांत वैद्यकीय शाळाही काढली. सॅम हिगिनबॉटम 1903 मध्ये मिशनरी म्हणून भारतात आले, अलाहाबादला अर्थशास्त्र शिकवू लागले. शेतकऱ्याला मदत करायची तर आधी आपल्याला शेती आली पाहिजे हे त्यांनी ओळखले. ते अमेरिकेत परतून शेतीशास्त्र शिकले आणि मग अलाहाबादची कृषी संस्था नावारूपाला आणली. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केले आणि गावातल्या निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. पुढे परदेशांतले डॉक्टर तिथे शिकायला आले.

ही माणसे तिथेच राहिली, पंधरा दिवसांच्या पाहुण्याला हे कसे जमणार, असे कोणी विचारील. एकट्याला नाहीच जमणार. म्हणून दौरा सुटा नसावा. एकाच इस्पितळाशी, एकाच शाळेशी मंडळीने वर्षानुवर्षे बांधून घ्यावे. पहिल्याने अर्धवट सोडलेले काम दुसऱ्याने उचलावे.

सेवा म्हणजे नम्रता, सर्जननेही झाडू हाती घ्यावा, हा आक्षेप मात्र श्रद्धेच्या गाभ्याशी जातो आणि त्याचा मला आदर आहे. पण करिंथात संत पौल अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्यासोबत तंबू शिवत होता. हाताच्या धंद्याने त्याच्या प्रेषितपणात उणेपण आले नाही. परदेशातून आलेल्या सर्जनची नम्रता तिथल्या मेट्रनच्या शिस्तीत राहण्यात, तिच्या वेळापत्रकाने चालण्यात दिसते, आणि ती झाडूपेक्षा कठीण आहे.

आपल्याकडे विचारला जाणारा प्रश्न वेगळा: ही कौशल्ये धर्मांतराचे आमिष तर नाहीत? शंका गैर नाही. रेड क्रॉसने इतर संस्थांसह 1994 मध्ये केलेल्या आचारसंहितेत मदतीचा वापर धार्मिक भूमिका पुढे रेटण्यासाठी करू नये असे म्हटले आहे, आणि ती घडवणाऱ्यांत कॅरितास व वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या ख्रिस्ती संस्थाही होत्या. पेशाची नीतीही तेच सांगते. भूल देण्यापूर्वी रुग्णाच्या अगतिकतेचा फायदा घेणारा डॉक्टर आधी डॉक्टर म्हणून चुकतो. आपली श्रद्धा लपवू नये, पण उपचाराची किंमत म्हणून तिची अपेक्षाही करू नये.

राहता राहिले तरुण, ज्यांच्या हाती अजून कसब नाही. त्यांनी जरूर जावे, पण शिकायला, आणि जाताना तसे सांगून जावे. पाठवणाऱ्या पाळकाने तिकिटे काढण्याआधी तिथल्या संस्थेकडून लेखी यादी मागवावी: कोण हवे, किती दिवस, कोणाच्या हाताखाली. आपल्या मंडळीत तसे कोणी नसेल तर तिकिटाचे पैसे त्या संस्थेला धाडावेत, तिथल्या परिचारिकेच्या पगारासाठी.