चौक काय नुसता शोभेला असतो?

मंडळी, हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं. "चौक काय मोर्चे काढायला असतो? रहदारी अडते, शहराची शोभा जाते." बोलणारे बहुतेक आपल्यासारखेच, शिकलेसवरलेले, पेन्शनीत निघालेले. त्यांच्यासाठी आज अर्जेंटिनाच्या राजधानीतल्या, ब्युनोस आयर्समधल्या 'प्लाझा दे मायो' या चौकाबद्दल लिहिते.

१८१० सालच्या मे महिन्यातल्या क्रांतीवरून त्याचं नाव पडलं. एका बाजूला राष्ट्राध्यक्षांचं गुलाबी कार्यालय, मध्ये पांढरा स्मारकस्तंभ, कारंजी, झाडं. शोभेला काय कमी? १९७६ साली लष्कराने सत्ता बळकावली, जमावाला बंदी केली आणि माणसं गायब व्हायला लागली. १९८४ साली सरकारी आयोगाने सुमारे ९ हजार जणांची नोंद केली. मानवी हक्क संघटना ३० हजार म्हणतात.

त्या मुलांच्या आया पोलिसांकडे गेल्या, कोर्टात गेल्या, मंत्रालयात गेल्या, चर्चमध्येही गेल्या. कोणी दाद दिली नाही. मग ३० एप्रिल १९७७ रोजी चौदा जणी या चौकात आल्या. "आमची मुलं कुठे आहेत?" एवढंच विचारायचं होतं. पोलीस म्हणाले, थांबू नका, चालत राहा. बरं तर! त्या दोघी-दोघी हातात हात घालून स्तंभाभोवती चालू लागल्या. पुढे हे दर गुरुवारी. डोक्याला पांढरा रुमाल, सुरुवातीला तर बाळाच्या लंगोटाचं कापड. लोकांनी त्यांना 'वेड्या बायका' म्हटलं. त्याच डिसेंबरात त्यांच्यातल्या तिघींना पळवून मारलं. त्यातली एक, पुढाकार घेणारी आसुसेना व्हिलाफ्लोर. तिच्या अस्थींची ओळख २००५ साली पटली आणि रक्षा याच चौकात ठेवली गेली.

आता सांगा, 'मोर्चे गावाबाहेर न्या' हा तुमचा नियम तेव्हा असता तर या आयांनी कुठे जायचं होतं? गावाबाहेरच्या माळरानावर? तिथे कुठला राष्ट्राध्यक्ष खिडकीतून बघणार होता!

रुग्णवाहिका अडली तर वाईटच, तिला वाट दिलीच पाहिजे. त्याबद्दल वाद नाही. पण त्या एका कारणापायी चौकच बंद करायचा? सगळी दारं बंद झालेला माणूस चौकात येतो, हौस म्हणून नव्हे.

तेव्हा पुढच्या वेळी मोर्चा आडवा आला, तर हॉर्न वाजवण्याआधी त्यांच्या हातातला फलक वाचा तरी. पटलं नाही तर मला जरूर लिहा, मी भांडायला तयार आहे!